बांधावरचं काळं कापड

सासऱ्यांनी बंदुकीचा घोडा मागं ओढून धरला तेव्हा ते शेतातल्या राखणीच्या माळ्यावर होते आणि मी माळ्याखाली उभी होते. डोक्यावर भाकरीची बुट्टी होती. नळी ओढ्याच्या बांधाकडे रोखलेली. तिथं काहीतरी काळं, पाठीत वाकलेलं, धुक्यात बसलं होतं. सासऱ्यांना ते अस्वल वाटलं. मला त्या काळ्याला तांबडा काठ दिसला. तो काठ माझ्या चंद्रकळेचा होता आणि त्या कापडाखाली माझा नवरा होता.

नवरा बेळगावच्या कॅम्पात एका फोटोच्या दुकानात कामाला होता. दुसऱ्या जागतिक लढाईची वर्षं होती. गोरे साहेब खानापूरच्या रानात शिकारीला जायचे, मेलेल्या सांबराच्या मानेवर बूट ठेवून उभे राहायचे, आणि ह्यानं त्यांचे फोटो काढायचे. सांबराला ते एल्क म्हणत. नवऱ्याला त्या फोटोंचा कंटाळा आला होता. आमचं शेत काकतीच्या डोंगराला लागून. भात निघालं की त्यात वाटाणा पेरायचा, आणि वाटाण्याला शेंग धरली की सांबरं उतरायची. दुकानातला जुना पेटीचा कॅमेरा मालकानं त्याला वापरायला दिला होता. कॅमेऱ्याच्या मागच्या काचेत चित्र बघताना डोक्यावर घ्यायला काळं कापड लागतं, म्हणून माझी जुनी चंद्रकळा दुहेरी करून मीच शिवून दिली. काठ उसवायचा मला कंटाळा आला.

"घराजवळ जितं जनावर उभं असतं आणि आम्ही मेलेल्याचं फोटो काढतो," तो म्हणायचा.

सासऱ्यांना हे खूळ वाटायचं. "उभं सांबर म्हंजे माझ्या वाटाण्याचा चोर," ते म्हणायचे. "चोराचा फोटू काढतंय आमचं शाणं. त्यापरास गोफण घे की रं."

त्या हंगामात आमच्या वाडीतल्या एका बाईला अस्वलानं फाडलं होतं. ती जगली, पण तिच्या तोंडाकडे बघवत नसे. तेव्हापासून सासरे राखणीची ठासणीची बंदूक छर्रे भरून जवळ ठेवत. आणि वाडीत एक नियम कडक झाला. पहाटे कुणाच्याही शेतात शिरताना आधी लांबून हाळी द्यायची. हाळी दिली तर माणूस, नाहीतर जनावर. मीही रोज भाकरी घेऊन येताना ओढ्यापलीकडून ओरडायची, वरून उत्तर आलं की मगच पाय टाकायची.

नवऱ्यानं हाळी दिली नव्हती. दिली असती तर सांबर पळालं असतं. एखाद्या पहाटे ओढ्याच्या अंगानं गुपचूप येऊन बसणार एवढं मला बोलला होता. कधी, ते बोलला नव्हता. बापाला तर काहीच नाही, कारण बाप मुद्दाम डबा बडवून जनावरं हाकलणार हे त्याला ठाऊक होतं. आदल्या दिवशी तो सायकल घेऊन कॅम्पात गेला होता, तिथंच राहणार म्हणून.

"मामा," मी दबक्या आवाजात म्हटलं, "मारू नगा. माणूस हाय त्यो."

"गप गं. माणूस हाळी देतो."

"तुमचा ल्योक हाय."

"ल्योक कॅम्पात हाय. सायकल घिऊन गेलाय काल. तूच भाकरी बांधून दिलीस की."

"आलाय त्यो परत. कापड माझं हाय, मामा. काठ बघा."

"कसला काठ?" त्यांच्या एका डोळ्यात फूल पडलेलं होतं. काठ त्यांना दिसणार नव्हता. "खाली बस. वास लागला तर इकडंच यील."

मोठ्यानं ओरडावं तर बोट चापावर होतं. दचकून ओढलं असतं तर संपलंच. तेवढ्यात सूर्य वर आला, धुकं जरा फाटलं आणि मला सांबर दिसलं. मोठा नर, कापडापासून थोड्या अंतरावर, वाटाण्यात पुढचे पाय रोवून उभा. नवरा त्याच्याकडे बघत होता, सासरे नवऱ्याकडे बघत होते, आणि सांबर खात होतं.

मग नवऱ्याला फोटो उमटतो ती काच बदलायची असावी. तो कापड डोक्यावर तसंच ठेवून उभा राहिला.

अस्वल माणसावर येताना मागच्या पायांवर उभं राहतं. हे आमच्याकडे पोराटोरांनाही ठाऊक.

"उठलं!" सासरे म्हणाले.

माळ्यावरून त्यांचा एक पाय खाली लोंबकळत होता. सुनेनं सासऱ्याच्या अंगाला हात लावायचा नसतो. पाया पडतानाही मी लांबूनच पडत असे. मी बुट्टी टाकली आणि तो पाय दोन्ही हातांनी धरून सगळं अंग टाकून खाली ओढला.

बार झाला. सासरे माझ्या अंगावर आले, बंदूक त्यांच्यावर. तोंडात माती गेली. कानात नुसता घूं आवाज. मी त्यांना बाजूला लोटलं आणि उठले. बांधावर काळं काही दिसत नव्हतं.

"मेलं का?" सासरे पडल्या जागेवरून विचारत होते. "मेलं का गं?"

मी वाटाणा तुडवत धावले. कॅमेऱ्याची तीन पायांची घोडी आडवी पडली होती, पेटीच्या कातडी भात्याला भोकं पडली होती. कापड जमिनीवर हलत होतं. मी ते ओढून काढलं. त्याचा दंड रक्तानं भिजला होता, डोळे उघडे होते.

"काच फुटली का बघ," तो म्हणाला.

"फुटली," मी न बघताच म्हणाले.

सासरे मनगट छातीशी धरून लंगडत आले. लेकाला बघितलं आणि तिथंच चिखलात बसले. मग म्हणाले, "हाळी द्यायला काय तोंड शिवलं हुतं रं?"

"दिली असती तर सांबर पळालं असतं, आप्पा."

"आता काय ऱ्हायलंय व्हय?"

त्यावर नवरा हसायला लागला, आणि हसताना दंड हलला म्हणून ओरडला. मी चंद्रकळेचा काठ दातानं फाडून दंड बांधला. मग दोघांना पुढं घालून घरी आणलं. सासऱ्यांनी त्यानंतर बंदूक हातात घेतली नाही. ओढलेल्या पायाबद्दल मला कधी एक शब्दही बोलले नाहीत, चांगला नाही की वाईट नाही.

दंडातला एक छर्रा तसाच राहिला. थंडीत दुखायचा. सासऱ्यांचं मनगट वाकडंच जुळलं. पण नवरा वाचला, सासरे वाचले, मीही वाचले. सांबर बार झाल्याबरोबर ओढा ओलांडून डोंगरात गेलं. त्याला काही लागलं नव्हतं.