नेमरच्या हातचा पेला

गत्तास भावोजींच्या हृदयात धातूची झडप बसवली, तेव्हापासून आमच्या घरात बारीक टिकटिक सुरू झाली. खोली शांत असली की ती स्पष्ट ऐकू यायची. नज्ला, माझी थोरली बहीण, त्यांची बायको. ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "आयुष्यात हा माणूस कधी वेळेवर जेवायला आला नाही. आता देवाने घड्याळच आत बसवलंय. बघू काही फरक पडतो का." काही पडला नाही.

भावोजी आमच्या ऐन-तूत गावचे भट्टीवाले. घरोघरची द्राक्षं पिंपात आंबली की ती आमच्या अंगणामागच्या खोलीत येतात, तांब्याच्या हंड्यात चढतात, पुन्हा पुन्हा उकळतात, शेवटी बडीशेपेबरोबर उकळतात, आणि त्यांचा अरक होतो. मी या घरात राहते ती नज्लाची बिनलग्नाची बहीण म्हणून. लग्न का झालं नाही ते विचारू नका. ज्यांनी विचारलं त्यांना माझी जीभ कळली, एवढं पुरे.

गावात एक रीत आहे. एखाद्या घराचा अरक उतरला की पहिला पेला भट्टीवाल्याने उभं राहून, त्या घरच्या कर्त्याचं नाव घेऊन प्यायचा. भट्टीवाल्याने पेला परतवला, तर त्या घराला वर्षभर पाहुण्यांपुढे बाटली ठेवायची लाज वाटते. म्हणजे हंगामात भावोजींच्या पोटात किती घरांची नावं जायची, ते तुम्हीच बघा.

आणि पंगतीत ओतणारा एकच असतो. अरक किती, पाणी किती, बर्फ कधी, हे त्याने ठरवायचं आणि बाकीच्यांनी प्यायचं. आमच्याकडे तो मान नेमरचा. रस्त्यापलीकडच्या मळ्याचा मालक, विधुर, रेड्यासारखा थोराड, हात फावड्याएवढे. भावोजी आणि तो एकाच फळीवर बसून शाळा शिकले आणि एकदमच तिथून पळाले.

इस्पितळातून सोडताना डॉक्टरीणबाईंनी भावोजींना समोर बसवून समजावलं होतं. हनान त्यांचं नाव. मी तिथेच होते.

"या झडपेवर रक्ताची गाठ बसू नये म्हणून ही गोळी. ती रोज घ्यायची, जन्मभर. हिच्यामुळे रक्त सहज थांबणार नाही, म्हणून डोक्याला मार लागला तर धावत यायचं. अरक सोडलात तर उत्तम. नाहीच राहवलं, तर कधीतरी एखादा लहान पेला, जेवणाबरोबर. पार्सलीने गोळीचा जोर कमी होतो. तब्बुले म्हणजे पार्सलीचीच कोशिंबीर; खा, पण दर आठवड्याला सारखंच खा. आज परातभर आणि उद्या काहीच नाही, असं करू नका. आणि काय खाता, काय पिता, ते माझ्यापासून लपवू नका."

भावोजींनी मान डोलावली. ते मान डोलावतात तेव्हा काही ऐकत नसतात, हे डॉक्टरीणबाईंना कुठून ठाऊक असणार?

घरी आल्यावर त्यांनी आपलं शास्त्र काढलं. रविवारचं जेवण मांडलेलं, नेमर समोर बसलेला.

"बघ नेमर, अरकने रक्त पातळ होतं. पार्सलीने घट्ट होतं. मग एक पेला आणि एक ताट तब्बुले. तराजू बरोबर."

"दोन पेले झाले तर?"

"तर दोन ताटं."

"अरे वा!" नेमरने मांडीवर थाप मारली. "लोक उगाच डॉक्टर व्हायला बैरूतला जातात."

आधीच मर्कट, त्यात मद्य प्याला. मी म्हटलंसुद्धा, "भावोजी, हे बाईंना विचारलंत का?" तर म्हणाले, "वादाद, तू पार्सली चीर."

महिनाभर या घरात बकरी पाळल्यासारखी पार्सली येत होती. मग रक्ताची तपासणी झाली. रक्त हवं त्यापेक्षा घट्ट निघालं. बाईंनी विचारलं, "खाण्यात काही बदल?" भावोजी म्हणाले, "काही नाही." तब्बुल्याचं सांगावं तर अरकचं सांगावं लागलं असतं. बाईंनी बिचारीने गोळीचं प्रमाण वाढवलं.

आणि लगेच हंगाम लागला. हंगामात पुरुषमंडळी भट्टीच्या खोलीतच जेवतात. निखाऱ्यावर मटण भाजायचं, भाकरीत गुंडाळायचं, पेला रिचवायचा. तब्बुले करायला सवड कुणाला? मोठी गोळी चालू होती, पार्सली बंद झाली होती, आणि घराघराच्या नावाचे पेले नेमर ओतत होता. त्या खोलीचं दार बुटकं आहे. जन्मभर वाकून आत शिरणारे भावोजी एके दिवशी वाकायला विसरले. कपाळावर टेंगूळ आलं. नज्लाने विचारलं, तर म्हणाले, "काही नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी नज्लाला आपल्या आईच्या नावाने हाक मारली. तिला वाटलं चेष्टा करताहेत. मग कॉफीचा कप त्यांच्या डाव्या हातातून सुटला आणि तो खाली पडलाय हे त्यांना कळलंच नाही.

नेमरने त्यांना लहान मुलासारखं उचलून आपल्या पिकअपमध्ये घातलं. घाटाचा तो रस्ता मला आठवत नाही. एवढंच आठवतं, नज्ला मागे नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन प्रार्थना म्हणत होती आणि मी छातीतली टिकटिक ऐकू येतेय का ते बघत होते.

कवटीला भोक पाडून साचलेलं रक्त काढावं लागलं. हनानबाई बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. नज्लाने तराजूची सगळी हकिकत सांगून टाकली. बाई भिंतीला टेकल्या.

"पार्सलीने अरक कापला जात नाही हो! पार्सली रक्ताला एकीकडे ओढते, अरक दुसरीकडे, आणि आमची गोळी मध्ये आंधळी फिरते. मला नुसतं सांगितलं असतं तरी चाललं असतं. मी रागावले असते, पण गोळी वाढवली नसती. आता मात्र एक थेंबही नाही. गोळी सोडता येत नाही, ती सोडली तर झडप बंद पडेल. म्हणून अरकच सोडायचा."

नेमर कोपऱ्यातल्या बाकावर बसला होता. मी जवळ गेले. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "वादाद, ओतणारा मी."

"हो, तूच," मी म्हटलं. मला खोटं सांत्वन करता येत नाही. तो एवढा मोठा माणूस हुंदके देऊन रडला, आणि मी त्याच्या शेजारी बसून राहिले.

भावोजी वाचले. डावा पाय ओढत चालायला लागले, बोलणं पुन्हा पूर्वीसारखं झालं. पण पंगतीत जाईनात. मारियमच्या सणाला सगळं गाव चर्चच्या अंगणात जेवतं, तिथे जायचं म्हटलं की त्यांच्या पायात कळ यायची.

"भट्टीवाला पाणी पीत बसलाय, हे बघायला जाऊ?" एकदा ओरडलेच ते. "माझ्या हातचा अरक लोक का पितील मग? सणाला जाईन तर पेला घेईन. होईल ते होईल."

नज्ला स्वयंपाकघरात जाऊन रडली. हट्टाला पेटलेला माणूस होता तो. पाण्याचा पेला धरण्यापेक्षा मेलेलं परवडलं, असं त्यांना खरंच वाटत होतं, आणि हेच माझ्याच्याने सहन होत नव्हतं.

नेमर सगळं ऐकत उंबऱ्यात उभा होता. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "पेला पांढरा दिसायला हवा आणि बडीशेपेचा वास यायला हवा. एवढंच ना?"

बाळांच्या पोटदुखीवर आम्ही बडीशेप उकळून देतो. ते पाणी गाळून गार केलं आणि त्यात थोडं दूध घातलं, तर अरकमध्ये पाणी पडल्यावर येतो तसाच ढगाळ रंग आला. मी ते मातीच्या सुरईत भरून सणाला नेलं. नेमरने सगळ्यांकडे पाठ करून त्या सुरईतून भावोजींचा पेला भरला आणि त्यांच्यापुढे ठेवला.

भावोजींनी घोट घेतला आणि कुजबुजले, "अरे, हे तर तान्ह्या पोरांचं औषध!"

"मग पी गुपचूप. गॅस होणार नाहीत."

कितीतरी वर्षं हे असंच चाललं. बारसं असो, लग्न असो, सण असो, माझी सुरई नेमरच्या मांडीशी असायची. हंगामात घराघरांचा पहिला पेला आला की नेमर मध्ये उभा राहायचा, हातचलाखीने पेला बदलायचा, खरा स्वतः पिऊन भावोजींना डोळ्याने चांगल्यावाईटाची खूण करायचा. मी दूध किती घालायचं ते चमच्याने मोजून बघायची. पंगतीत माझा जीव टांगणीला असायचा की कुणाला संशय तर येत नाही ना. भावोजी पुन्हा ताठ बसू लागले, पुन्हा लोकांची टर उडवू लागले. रक्ताच्या तपासणीला जाताना काय खाल्लं ते शहाण्यासारखं सांगू लागले.

या वर्षी थंडीत नेमर मळ्यात वेलींची छाटणी करत होता. दमला म्हणून बांधाला टेकून बसला आणि उठलाच नाही. हृदय निकामी असलेला मित्र इथे लंगडत राहिला आणि धडधाकट माणूस निघून गेला. भावोजींना पायामुळे खांदा देता येईना. ते शवपेटीला एक हात लावून बाजूने चालत गेले, चढावर पडता पडता राहिले, पण हात काढला नाही. त्यानंतर कितीतरी दिवस ते जेवायला वेळेवर येत होते. नज्लाला त्याचंच भय वाटायचं.

हंगाम आला. नेमरचा मुलगा इस्कंदर बैरूतहून आला आणि बापाच्या मळ्यातली द्राक्षं त्याने पिंपात घातली. अरक उतरला त्या दिवशी अर्धं गाव भट्टीच्या खोलीत जमलं होतं. इस्कंदरने पहिला पेला भरला, पाणी घालून पांढरा केला, आणि दोन्ही हातांनी भावोजींपुढे धरला.

"गत्तासकाका, माझ्या बाबांच्या नावाने."

सगळे उभे राहिले. मध्ये उभं राहायला आता नेमर नव्हता. सुरई माझ्या हातात होती, सवयीने भरून आणलेली. पण नेमरची चलाखी आणि नेमरची रुंद पाठ मी कुठून आणू? मेलेल्या मित्राच्या नावाचा पेला परतवणं भावोजींना या जन्मी जमणार नाही, हे मला दिसत होतं. त्यांनी पेला घेतला. तो काढून घ्यायला मी त्याच्याखाली हात नेला, तसा त्यांनी माझा हात अलगद बाजूला केला.

"राहू दे, वादाद."

नज्ला भिंतीपाशी पांढरीफटक पडली. पेला ओठांपर्यंत गेला. खोलीत फक्त ती टिकटिक ऐकू येत होती. मग पेला खाली आला.

"इस्कंदर, मला हा पिता येत नाही," भावोजी म्हणाले. "कवटी उघडली तेव्हापासून मी एक थेंब घेतलेला नाही. तुझा बाप मला दूध घातलेलं बडीशेपेचं पाणी पाजायचा. तुम्हा सगळ्यांसमोर. मी तुम्हाला फसवलं."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. मग कोपऱ्यातून चक्कीवाला म्हातारा फारेस खाकरला.

"गत्तास, दुधाला साय धरते. अरकवर साय धरलेली कुणी पाहिलीय का रे?"

भावोजी बघतच राहिले. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्या सणापासून."

"या गावात?" मी न राहवून म्हटलं. "कुणाच्या कोंबडीने दोन अंडी घातली तरी इथे बोभाटा होतो!"

"त्या सणाच्या सकाळीच नेमर दारोदार फिरला होता," फारेस म्हणाला. "माझ्या दारातही आला. टोपी हातात घेऊन उभा. नेमर, टोपी हातात! म्हणाला, आज गत्तासच्या पेल्यात दूध असेल. हसायचं असेल त्याने आत्ता माझ्या तोंडावर हसून घ्यावं. मी त्याला ओतून ओतून एकदा आडवा केलाय, आता तुम्ही लाजवून करू नका. आणि तुम्हाला कळलंय, हे त्याला कळू देऊ नका."

इस्कंदरने भावोजींना हंड्याशेजारच्या चौरंगावर बसवलं. ते रडले, आणि कुणी त्यांना थांबवलं नाही. नेमरची टोपी माझ्याही डोळ्यांपुढून हलेना.

मग त्यांनी तो खरा पेला इस्कंदरच्या हातात दिला. "हा तू पी. तुझ्या बापाच्या वेली आहेत." माझ्याकडे हात पुढे केला. मी सुरई दिली. सगळ्यांच्या देखत त्यांनी स्वतःच्या हाताने आपला पेला भरला. डाव्या हाताला जोर नसल्यामुळे थोडं सांडलं.

"नेमर, कासक! तुझ्या नावाने," ते म्हणाले, आणि एका दमात पिऊन टाकलं. सगळी खोली प्याली.

मग तोंड पुसत मला म्हणाले, "वादाद, दूध जास्त होतं तुझं. पहिल्यापासून."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"नेमर बोलू द्यायचा नाही. म्हणायचा, तिला वाईट वाटेल."

मी एप्रनने डोळे पुसले आणि त्यांचा पेला पुन्हा भरला.