कोपरापर्यंतचा हात

आमच्या वन्संचं, म्हणजे माझ्या नणंदेचं, एक भांडण मी दाराआडून ऐकलं होतं. लग्न होऊन मला पंधरा दिवसही झाले नव्हते. त्यांना बघायला आलेला मुलगा उजळ, नोकरीतला, बुटांत तोंड दिसेल असा. दिसायला काय वाईट आहे, असं सासूबाई पुन्हा पुन्हा विचारत होत्या. शेवटी वन्सं म्हणाल्या, "आई, वरून बघून मी कोंबड्यांचं खाद्यसुद्धा पास करत नाही."

सासूबाईंनी पळी आपटली. मुलगा गेला आणि वन्सं कायमच्या माझ्या उरावर बसल्या. उरावर म्हणते खरी, पण माझी तिन्ही बाळंतपणं त्यांनीच निभावली.

कोंबड्यांचं खाद्य तयार करणाऱ्या कारखान्यात त्या तपासनीस होत्या. मका भरडून पोत्यात पडला की वन्सं बाही सारून कोपरापर्यंत हात आत घालत आणि तळाची मूठ वर काढत. मग एकावर एक ठेवलेल्या पाच चाळण्या, वर मोठ्या भोकाची, खाली बारीक. त्या हलवायच्या, प्रत्येकीत उरेल ते तोलायचं आणि चिठ्ठीवर सही करायची. सहीची चिठ्ठी हातात पडल्याशिवाय गेटवाला ट्रक सोडत नसे. भरड फार जाड झाली तर कोंबडीच्या अंगी लागत नाही, पीठ झालं तर चोचीला चिखलासारखं चिकटतं. घरी आल्या की वन्संचा उजवा हात कोपरापर्यंत पांढरा असे, डावा आपला नेहमीचा. त्यावरून मी त्यांना पुष्कळ चिडवलं.

त्यांच्या नोकरीची शेवटची दोन वर्षं राहिली असताना नवा साहेब आला, आणि त्याच्यामागून कॅमेरा. भरडलेला मका वाहून नेणाऱ्या पट्ट्यावर तो टांगला. खालून दाणे जायचे, वर पडद्यावर प्रत्येक दाण्याभोवती हिरवं कडं पडायचं आणि कोपऱ्यात जाडीचा आकडा उमटायचा. साहेब सगळ्यांना पडदा दाखवी. मक्याला त्याने कधी बोट लावलं नाही. चुकून बाहीला लागला तर रुमालाने झटकी. असल्या माणसाला मी घरात पाणीही दिलं नसतं.

कॅमेरा म्हणे भरड जाड आहे. साहेबाने भरडायच्या यंत्राची जाळी बारीक करायला लावली. आकडा तरी जाडच. आणखी बारीक. महिनाभरात पोत्यांतून पीठ निघायला लागलं. वन्संनी परत लिहिलेला माल साहेब स्वतःच्या सहीने सोडायचा. एक कोंबडीवाली बाई चार मेलेली पिलं पिशवीत घेऊन कारखान्याच्या दारात आली. चोची पिठाच्या लगद्याने बुजलेल्या, आणि वास असा की गेटवाला तोंड फिरवून उभा राहिला. साहेब तिला म्हणाला, पडद्यावर सगळं ठीक दिसतंय.

वन्संना कारण पहिल्याच दिवशी कळलं होतं. धान्याचा डबा हलवत घरी आणणाऱ्या कुठल्याही बाईला ते कळेल. पट्टा थरथरतो, मोठे दाणे वर येतात, पीठ तळाला बसतं. वरून बघणाऱ्याला मोठेच दिसणार.

"बाई, हे यंत्र मिनिटाला दहा हजार दाणे बघतं," साहेब म्हणाला. "तुम्ही किती बघता?"

"मी खालचे बघते, साहेब."

त्यांनी पट्टा थांबवायला लावला, तळाचं खरवडून कॅमेऱ्याखाली पसरलं. आकडा धाडकन उतरला. आता कुणालाही वाटेल की साहेब सुधारला असेल. छे! त्याने निवडलेल्या दाण्यांची एक बशी करून ठेवली. माल घेणारे बघायला आले की तीच बशी कॅमेऱ्याखाली सरकवायची. पाहुणे बदलले, बशी तीच. पुढे तिच्यात सोंडकिडे झाले आणि कॅमेऱ्याने त्यांच्याभोवतीही हिरवी कडी काढली. वन्सं म्हणाल्या, एक दाणा चालत चालत पडद्याबाहेर गेला तरी साहेब मान डोलावत होता. मी हसले, आणि जेवताना तेच आठवून घास बाजूला ठेवला. त्या बशीची मला आजही शिसारी आहे.

वन्संच्या नोकरीचा शेवटचा दिवस आला, आणि त्याच दिवशी त्या कोंबडीवालीचा ट्रक भरला गेला. दुसऱ्या दिवसापासून चिठ्ठी यंत्रच छापणार होतं. मात्र ही एक सही वन्संची हवी होती, कारण त्या बाईचा त्यांच्याखेरीज कुणावर विश्वास उरला नव्हता. साहेबाने सकाळीच निरोप धाडला की सही झाली तर हारतुरे, नाहीतर मागच्या दाराने जा. मीसुद्धा शहाणपणा शिकवला. डबा भरताना म्हटलं, वन्सं, एक सही करा आणि सुटा, उद्यापासून तुमचं काय जातंय?

त्या मला म्हणाल्या, "वहिनी, तिची पिलं जातात."

पुढचं गेटवाल्याने मला सांगितलं. वन्संनी बाही सारली, कोपरापर्यंत हात घातला, तळाची मूठ काढली. पाच चाळण्या हलवल्या, तोलल्या, पुसून खुंटीला लावल्या. साहेब दारात उभा होता. त्याला म्हणाल्या, जरा सरका. चिठ्ठीवर लिहिलं, फार बारीक, परत. खाली सही केली, आणि रोजच्यासारखी ती गेटवर नेऊन दिली. गेटवाल्याने वाचली, गेटला साखळी लावली आणि ड्रायव्हरला गाडी बंद करायला सांगितली. वन्संनी हात झटकला, डबा उचलला आणि पुढच्याच दाराने बाहेर पडल्या.