पर्पेच्युआबायची काळी बाटली

सत्तावन्न सालची गोष्ट. खोताच्या वाडीतल्या पर्पेच्युआबायचा मसाला तोवर गिरगावापासून दादरपर्यंत पोचला होता, पण चोरपावलांनी. मसाल्यात खोट नव्हती. पंचवीस-तीस जिन्नस वेगवेगळे भाजून, उखळात कुटून ती तो करी. अडचण होती बाटलीची. तिच्या ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या मूळच्या मराठी ख्रिस्ती जमातीत हा मसाला बिअरच्या काळपट बाटल्यांत काठीने ठासून भरायची रीत. आणि दिवस दारूबंदीचे! पांढरपेशा घरात फळीवर अशी बाटली दिसली असती, तर सासूने आधी बाटलीला आणि मागोमाग सुनेला दार दाखवलं असतं. म्हणून बायका ती वर्तमानपत्रात गुंडाळून नेत, मसाला डब्यात ओतत आणि आल्यागेल्याला सांगत, "आमच्या घरचाच हो!"

पर्पेच्युआबायला हे फार लागायचं. तिची आई जन्मभर कुटत राहिली आणि तिचं नाव कुणाला कळलं नाही. आपला मसाला एकदा तरी आपल्या नावाने दुकानाच्या फळीवर बसावा, एवढीच पन्नाशीतल्या त्या बाईची हौस होती.

शेजारचा कमलाकांत फोर्टातल्या एका जाहिरात कंपनीत मराठी मजकूर लिहायचा. मुलगा गुणी, पण कंपनी जरा अंगात भिनलेली. तिची हौस ऐकून तो म्हणाला, "बाय, सगळं मॉडर्न करू. पारदर्शक काचेची बरणी, लेबलावर नऊवारीतली बाई आणि नाव 'सुगृहिणी मसाला'."

"अन् माझं नाव रे?"

"ते राहू द्या. दादरच्या बायकांच्या तोंडात बसायचं नाही."

उजेड मसाल्याचा वैरी, हे आईने पर्पेच्युआबायला उखळापाशीच शिकवलं होतं. पण फोर्टातल्या लोकांना आपल्याहून जास्त कळत असणार, असं समजून ती गप्प राहिली. समोरच्याच्या गळ्यात टाय दिसला की भलीभली माणसं स्वतःचं शहाणपण खुंटीला टांगतात, त्यातलीच ही गत.

दादरच्या दौलतरावांनी दुकानाच्या दर्शनी काचेमागे बरण्या मांडल्या. लालभडक रांग! पहिले आठ दिवस बायका थांबून पाहायच्या. मग ऊन आपलं काम करू लागलं. महिन्याभरात मसाल्याचा रंग विटेच्या चुऱ्यावर गेला, वास उडाला, गिऱ्हाइकं बरण्या परत आणू लागली. दौलतरावांनी निरोप धाडला, "बाई, माल उचला."

त्या संध्याकाळी कमलाकांत पडेल चेहऱ्याने तिच्याकडे आला. घसाही बसलेला, कारण दुपारी संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यात ओरडून आला होता. पर्पेच्युआबायही त्याच मोर्च्यात होती. तिने आधी त्याला बोंबलाचं कालवण वाढलं आणि मग तोंड सोडलं.

"मुंबई आपली म्हणून घसा फोडतोस ना? मग मी कुठली रे? आमचे वाडवडील याच बेटावरचे. मोर्च्यात मी चालते, लेबलावर माझं नाव चालत नाय?"

"चुकलं, बाय," कमलाकांत पुटपुटला. मग ताटाकडे बघत त्याने विचारलं, "हा मसाला कधीचा?"

"गेल्या उन्हाळ्यातला."

"मग अजून लाल कसा?"

"काळ्या बाटलीत ऊन शिरत नाय. म्हणून तर ती."

"अहो, हे आधी का नाही सांगितलंत?"

"तू विचारलंस कधी?"

उष्ट्या हातानेच त्याने पेन्सिल मागितली. नव्या लेबलावर चित्र नव्हतं. मोठ्या अक्षरांत एवढंच: "बाटली काळी का? मसाला लाल राहावा म्हणून." आणि खाली, "पर्पेच्युआबाय, खोताची वाडी, गिरगाव." ज्या बाटलीला बायका लपवत होत्या, तिलाच त्याने पुढे केलं होतं.

दौलतराव मात्र दुधाने पोळले होते. पर्पेच्युआबायने त्यांच्यासमोर दोन बशा मांडल्या, एकीत बरणीतला मसाला, दुसरीत काळ्या बाटलीतला. "दोन्ही एकाच दिवशी कुटलेत. वास घ्या." दौलतरावांनी दुसऱ्या बशीत नाक घातलं आणि लागोपाठ तीन शिंका दिल्या. "पंधरा दिवस ठेवतो," ते डोळे पुसत म्हणाले. बशाही त्यांनी तिथेच ठेवून घेतल्या.

सोळाव्या दिवशी उरलेला माल परत न्यायच्या तयारीने ती पिशवी घेऊन गेली. फळीवर दोनच बाटल्या होत्या. तेवढ्यात एक सासूबाई सुनेला घेऊन दुकानात शिरल्या. बशांचा वास घेतला, लेबल वाचलं आणि म्हणाल्या, "ती द्या. पर्... पर्पेच्युआबायची."

दौलतरावांनी सवयीने वर्तमानपत्र ओढलं.

"कागद कशाला? लपवायचंय काय त्यात?" असं म्हणून सासूबाईंनी बाटली तशीच हातात धरली आणि भर रस्त्यातून घेऊन गेल्या.

पर्पेच्युआबाय त्या दिसेनाशा होईपर्यंत पाहत राहिली. तिला आईची फार आठवण आली. रिकामी पिशवी घडी करून तिने काखेत मारली आणि पदराने डोळे टिपत दौलतरावांना म्हणाली, "उद्या आणखी आणते."