सासूबाईंचे सोमवार
लग्नाला चार वर्षं झाली तरी माझी कूस उजवली नव्हती. देश स्वतंत्र होऊन सात-आठ वर्षं झाली होती, मी मात्र अजून कोपऱ्यात बसत होते. मुलुंडच्या चाळीत दोन खोल्या. बाहेरची झालेली बाई लपणार कुठे? त्यातून माझ्या पाळीला नेम नव्हता. कधी पाच आठवडे, कधी अडीच महिने. जरा उशीर झाला की सासूबाई लोणच्याची फोड पुढे करायच्या, शेजारणी माझ्या चालण्यावरून मुलगा की मुलगी ते ठरवायच्या. आणि मग एका सकाळी मी निमूट कोपरा धरायची. असा जीव तुटायचा!

सासूबाई हार मानणाऱ्यांतल्या नव्हत्या. मूल व्हावं म्हणून त्यांनी आम्हा दोघांना व्रतं धरायला लावली. सोमवार, शनिवार, एकादशी, संकष्टी. व्रताच्या दिवशी ह्यांचं अंथरूण बाहेर गॅलरीत. आईपुढे बोलायची ह्यांची छाती नव्हती, ते गुपचूप उशी उचलायचे.

शेवटी मीच उठले आणि घाटकोपरच्या एका डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी नीट तपासलं. म्हणाल्या, "पाळी अनियमित आहे म्हणजे मूल होणारच नाही असं नाही. फक्त नेमका दिवस सांगता येत नाही. तेव्हा दिवस बघू नका, एकत्र राहा. महिन्यातून किती दिवस एकत्र असता?"

मी बोटांवर मोजायला लागले. सोमवार गेले, शनिवार गेले, दोन एकादश्या, कोपऱ्यातले दिवस, शिवाय अख्खा चातुर्मास. बाईंनी पेन खाली ठेवलं आणि खो खो हसल्या. मलाही हसू आलं, आणि मग असा संताप आला म्हणता!

घरी आल्या आल्या सांगून टाकलं, "आई, व्रतं बंद."

"अगं, मुलासाठीच ना करतोय?"

"देवाकडे मूल मागायचं आणि नवऱ्याला गॅलरीत झोपवायचं! मूल काय पोस्टानं येणार?"

वाटलं, आता घर डोक्यावर घेतील. पण त्या उठल्या, गॅलरीतली वळकटी उचलून आतल्या खोलीत आणून टाकली. "तुमच्या वाटचे उपास मी करीन," म्हणाल्या. "देवाला मी समजावते."

आठेक महिन्यांनी पाळी पुन्हा लांबली. ह्या वेळी कुणी अवाक्षर काढलं नाही. तीन महिने झाले, डॉक्टरीणबाई हो म्हणाल्या, तरी सासूबाईंचा विश्वास बसेना. पोट दिसायला लागलं तर म्हणे, "वात धरला असेल." चूक त्यांची नव्हती. इतक्यांदा फसल्यावर आशा धरायचीच त्यांना भीती वाटत होती.

सहावा लागला असेल. दुपारी आम्ही दोघी तांदूळ निवडत होतो. पोटात जोरात हललं, तसा मी त्यांचा हात ओढून पोटावर दाबून धरला. क्षणभर काहीच नाही. मग पुन्हा हललं.

"लाथ मारली गं लबाडानं," त्या म्हणाल्या, आणि हात तिथेच ठेवून लहान मुलासारख्या ढसाढसा रडल्या.