तिरपं ओढलेलं बटण

मधुकर गेल्याचा निरोप मला कंपनीच्या बसमध्ये मिळाला, मिहान औद्योगिक वसाहतीच्या फाटकाशी. जुन्या छापखान्यातल्या लोकांचा मोबाइलवर एक ग्रुप आहे, त्यावर कुणीतरी त्याचा फोटो टाकला होता आणि खाली हात जोडल्याची चित्रं. पाच-पंचवीस हात झाले असतील. त्यातल्या एकानंही चार महिन्यांच्या त्याच्या आजारपणात सक्करदऱ्याच्या घराची पायरी चढली नव्हती. मीही नाही. मला तर तो आजारी असल्याचंच माहीत नव्हतं, आणि ते माहीत नसण्याचा दोष माझाच होता. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. मी बोलतो, पण मला त्याचा रागही आलेला आहे, तो लपवून लिहिणं जमणार नाही.

नागपूरच्या महाल भागातल्या एका छापखान्यात आम्ही वीस वर्षं शेजारी बसून टायपिंग केलं. लग्नपत्रिका, हँडबिलं, बारशाची आमंत्रणं, दुकानांची बिलबुकं. कीबोर्ड इंग्रजी, अक्षरं मराठी, कुठल्या बटणाखाली काय आहे ते बोटांना ठाऊक. जेचं बटण म्हणजे आमचा र. ते जुने कीबोर्ड जाडजूड, वजनाला वाटायच्या पाट्याएवढे, आणि दाबलं की असे वाजायचे की मालकाला केबिनमध्ये बसून कळायचं कोण काम करतंय आणि कोण झोपा काढतंय. छापखाना बंद झाला तेव्हा मालकानं म्हटलं, ज्याला जे हवं ते न्या. मी खुर्ची नेली. मधूनं त्याचा कीबोर्ड नेला. आम्ही हसलो होतो त्याला.

त्यानंतर त्याला तेच वेड लागलं. लोक जुने कीबोर्ड त्याच्याकडे साफ करायला आणायचे आणि हा घरच्या ओट्यावर पेपर पसरून बसायचा. बटणावरची जी अक्षराची टोपी असते, ती काढायची त्याची रीत ठरलेली. आधी मोबाइलवर फोटो, कुठली टोपी कुठे होती याचा. मग कागदांना लावायच्या दोन यू क्लिपा सरळ करून, त्यांचे आकडे वाकवून केलेला चिमटा टोपीच्या दोन्ही बाजूंनी खाली सरकवायचा आणि अगदी सरळ वर ओढायचं. स्पेसच्या लांब बटणाला खाली तार असते, तिला तर तो झोपलेल्या पोरासारखा हात लावायचा. टोप्या कोमट साबणपाण्यात, मग दिवसभर सावलीत. उन्हात कधीच नाही. आपल्या नागपूरच्या उन्हात माणसं तडकतात, प्लॅस्टिक काय टिकणार, म्हणायचा. बसवताना बोट मधोमध ठेवून सरळ खाली दाबायचं, आतून टक् आवाज आला की झालं. मला हे सगळं पाठ आहे, कारण तो दर वेळी नव्यानं सांगायचा. ऐकून ऐकून कंटाळा यायचा, खरं सांगतो.

दोन वर्षांपूर्वी एका रविवारी त्यानं स्वतःचा, छापखान्यातला कीबोर्ड उघडायला घेतला होता. मी सहज गेलो होतो. तो पाणी कोमट करायला आत गेला आणि मला वाटलं, तेवढ्यात चार टोप्या काढून ठेवू. चिमटा त्याच्याजवळ होता. मी स्क्रू फिरवायचा पेचकस घेतला आणि एका बाजूनं उचकटलं. जेची टोपी तिरपी वर आली आणि तिचा खालचा पाय आतच मोडून राहिला. जुनं प्लॅस्टिक, वाळलेलं.

मधू बाहेर आला, पाहिलं, आणि पातेलं खाली ठेवलं. "तुले घाई काहून असते गा नेहमी?" एवढंच बोलला.

तिथे मी गप्प बसलो असतो तर हा लेख वेगळा झाला असता. पण चूक झाली की माझी जीभ जास्त चालते. म्हटलं, "अरे भंगार आहे यार हे. कबाड्याकडं किलोनं भेटते."

तो पेपरवरचे तुकडे गोळा करत राहिला. मी चहा न घेताच निघालो, आणि त्यानंही थांबवलं नाही...

मग मी काय केलं? टोपी शोधायला लागलो. सुट्टीच्या दिवशी मोटरसायकल काढायची आणि कबाड्यांच्या ढिगात हात घालायचा. प्रत्येक कंपनीच्या टोपीचा पाय निराळा, कुणाचा चौकोनी, कुणाचा अधिकच्या चिन्हासारखा. दोन वर्षांत जुळणारी एक सापडली नाही. मनात पक्कं होतं की टोपी घेऊनच जायचं, रिकाम्या हातानं तोंड कसं दाखवणार. बायको म्हणायची, "फोन तरी करा त्यायले." मी म्हणायचो, करतो.

तेरवीनंतर एका दुपारी मधूच्या घरी वहिनींना भेटायला गेलो. कीबोर्ड कोपऱ्यातल्या टेबलावर होता, वर धुतलेला रुमाल. रुमाल उचलला तर सगळी बटणं जागेवर. मी 'जे' दाबून पाहिला. बाकीच्यांसारखाच वाजला.

वहिनी म्हणाल्या, "त्यायनं त्याच हप्त्यात जोडला तो, भाऊजी. बारीक तार घालून पाय बसवला."

"मग मला सांगितलं का नाही? मी दोन वर्षं टोपी शोधून राहिलो."

"टोपी कोणी मागितली होती तुम्हाले?" त्या आवाज न चढवता म्हणाल्या. "ते म्हणत, दिलीपनं यावं, चुकलं म्हणावं, बस. दवाखान्यात होते तेव्हा मी म्हटलं फोन लावते, तर नाही म्हणाले. बोलावून आला तर काय मतलब, म्हणाले."

हट्टी होता मेला. पण मी त्याच्याहून मोठा निघालो. त्या खोलीत उभं असताना मला कळलं की मी टोपी शोधत होतो ती मधूसाठी नव्हे. टोपी हातात असती तर 'चुकलं' म्हणावं लागलं नसतं.

कीबोर्ड वहिनींनी मला दिला. गेल्या रविवारी मी तो ओट्यावर घेतला. फोटो काढला. यू क्लिपांचा चिमटा केला, दोन वेळा वाकडा झाला, तिसऱ्यांदा जमला. एकेक टोपी सरळ ओढली, धुतली, सावलीत वाळवली, दुसऱ्या दिवशी बसवली. सगळ्या जागेवर बसल्यावर मी म्हटलं, "चुकलं गा मधू." जरा मोठ्यानंच निघालं.

आतून बायकोनं विचारलं, "काय झालं? तुटली का एखादी?"

"नाही," मी म्हटलं. "एकही नाही तुटली."