हिरव्या स्क्रीनवरची वाकडी गाडी

"मॅडम, मशीन सगळं हिरवं दाखवतंय," शिंदे म्हणाले. "मग स्टिअरिंग तिरकं का?" मी विचारलं. ते पुन्हा स्क्रीनकडे बघू लागले.

मुलांनो, तुमची आजी सर्व्हिस मॅनेजर होती तेव्हाची ही गोष्ट. हडपसरच्या आमच्या वर्कशॉपमध्ये शिंदे हेड मेकॅनिक. हिंजवडीत काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या आणि तिथली मुलं परदेशी गाड्या घ्यायला लागली होती. समीर त्यांतलाच. त्याची लाल, दोन सीटची स्पोर्ट्स कार टायर तपासायला आणि व्हील अलाइनमेंटला आली होती.

अलाइनमेंट म्हणजे चारही चाकं ठरलेल्या कोनात सरळ बसवणं. चाक थोडं जरी बाहेर वळलेलं असलं तरी टायर एका बाजूने झिजतं. अशी गाडी वेगात असली की स्थिर राहत नाही.

आणि समीरला त्याच दुपारी एक्स्प्रेसवेने मुंबईला जायचं होतं. शेजारच्या सीटवर त्याची आई बसणार होती. त्या नारायण पेठेतल्या. रिसेप्शनमध्ये पर्स मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या.

"दोनच सीटा," त्या मला म्हणाल्या. "सून आली की मी टपावर बसायचं, असं ठरलंय."

"आई, प्लीज," समीर म्हणाला.

गाडी देण्याआधी मी ती स्वतः चालवून बघत असे. त्या दिवशी सरळ रस्त्यावर गाडी सरळ न्यायची तर स्टिअरिंग उजवीकडे तिरकं धरावं लागत होतं.

आमचे मालक देशमुखसाहेब घाईत होते. "अहो मॅडम, स्क्रीन हिरवी आहे ना? द्या गाडी. कस्टमर ताटकळलाय."

"साहेब, एक्स्प्रेसवेवर स्क्रीन जाणार नाहीये. गाडी जाणार आहे."

ते तोंडातल्या तोंडात काहीतरी बोलत केबिनमध्ये गेले.

मी आधी हवा तपासली. चारही टायरमध्ये बरोबर होती. मग टायरवरचे बाण पाहिले. अशा गाड्यांच्या टायरवर फिरण्याची दिशा दाखवणारा बाण असतो. टायर उलट्या बाजूला बसवलं तर गडबड होते. बाणही बरोबर होते.

राहिलं मशीन. अलाइनमेंट करताना प्रत्येक चाकाला एक बोर्ड लावतात, त्याला टार्गेट म्हणतात. त्यावर गोल ठिपके असतात. समोरचा कॅमेरा ते ठिपके बघून चाकाचा कोन सांगतो. मशीन येण्याआधी आम्ही हेच काम दोरी आणि टेपने करायचो. मी दोरी मागवली.

"आता दोरी?" समीर घाबरला. "मॅडम, ही इंपोर्टेड गाडी आहे."

"चाकं गोलच आहेत ना?" त्याची आई म्हणाली. "मग गप्प बस."

गाडीच्या दोन्ही बाजूंना दोरी ताणून आम्ही मोजलं. पुढचं डावं चाक स्पष्ट बाहेर वळलेलं होतं. म्हणजे मशीन चुकत होतं. मी पुढच्या डाव्या चाकाचं टार्गेट काढून उजेडात धरलं. एका ठिपक्याच्या कडेवर कुंकवाचं बोट उमटलेलं होतं.

दसरा नुकताच झाला होता. दसऱ्याला मी दरवर्षी नागपूरला, दीक्षाभूमीला जात असे. मी तिकडे असताना इथे शिंद्यांनी नेहमीसारखी सगळ्या यंत्रांची पूजा केली होती. बाकीच्या तीन टार्गेटांवरचं कुंकू मोकळ्या जागेत पडलं होतं. या एकावर ते ठिपक्याला चिकटलं, आणि कॅमेऱ्याला ठिपका सरकलेला दिसला.

"शिंदे, पुसा ते."

"दसऱ्याचं कुंकू आहे मॅडम. आपल्या हाताने कसं पुसायचं? आपोआप जाऊ द्यायचं."

"आणि तोवर गाड्या वाकड्या पाठवायच्या?"

शिंद्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "तुम्ही पुसा ना. तुम्हाला चालतं."

मला हसू आलं. राग कसला येणार? मी नसताना त्यांनी माझ्या खुर्चीलाही हार घातला होता. मऊ फडकं घेऊन मी चारही टार्गेटं पुसली. पुन्हा मोजल्यावर डावं चाक स्क्रीनवर लाल दिसलं. ते लाल बघून मला केवढं हायसं वाटलं! शिंद्यांनी चाक नीट केलं. मी पुन्हा चक्कर मारली. स्टिअरिंग सरळ, गाडीही सरळ.

संध्याकाळी समीरच्या आईचाच फोन आला. "पोचलो. गाडी अगदी सरळ चालली. तुमच्याकडे मुलंही सरळ करून देतात का?"

मी खुर्चीत टेकले आणि सकाळपासून राहिलेला चहा मागवला.

तेव्हा मी एक शिकले. यंत्र सगळं ठीक आहे म्हणालं तर ऐकून घ्यावं आणि गाडी एकदा चालवून बघावी. पुढच्या वर्षी नागपूरला निघण्याआधी मी चारही टार्गेटांवर घरचे उशीचे अभ्रे चढवून गेले. परत आले तर चारही अभ्र्यांवर कुंकवाची बोटं होती. ते डाग काही निघाले नाहीत. पण त्या वर्षी एकही गाडी वाकडी गेली नाही.