पोच न दिलेली तार

आमच्या तारअण्णांना ठिबकणारा नळ चालत नसे. पोस्टाच्या मागच्या अंगणातला नळ ठिबकायला लागला, की हातातलं काम टाकून ते उठत आणि त्याच्या तोंडाला चिंधी बांधून येत. मला आधी वाटलं, माणूस पाण्याच्या बाबतीत फारच काटकसरी दिसतो. विचारलं, तर म्हणाले, "पान्याचं काय न्हाई गं शालन. त्यो कायतरी सांगाया लागतो आनि अर्ध्यात सोडून देतो. मग मला जेवान जात न्हाई." मी हसले. ते हसले नाहीत.

सातारा-सांगली रस्त्यावरच्या आमच्या गावात पोस्टाला लागूनच एक अरुंद खोली होती, तिथं तारेचं यंत्र. अण्णा मूळचे जतकडचे, घरात निम्मी कानडी. मी नुकतीच नोकरीला लागले होते, आणि हे काम मला शिकवायचं ओझं त्यांच्या गळ्यात पडलं. यंत्र कट्ट-कट्ट वाजतं; आखूड वाजलं की टिंब, लांबलं की रेघ; टिंब-रेघांची अक्षरं होतात आणि अक्षरांची तार. ऐकायला सोपं वाटतं ना? मी पहिले दोन महिने रोज रडत घरी गेले. अण्णा मात्र यंत्रामागं तंबाखूचा रिकामा डबा ठेवत, आवाज खणखणीत यावा म्हणून, आणि बशीतला चहा फुंकत फुंकत दुसऱ्या हातानं तार उतरवून घेत. यंत्राकडं बघतसुद्धा नसत.

त्यांचा सगळा राग एकाच गोष्टीवर असे. "आलेलं घे. येनारं वळखू नगंस," हे त्यांनी मला हजारदा सुनावलं असेल. एखाद्या शब्दाची पहिली दोन अक्षरं आली की पुढचा शब्द मनानंच लिहून टाकायची मला खोड होती. अण्णा खोलीच्या दुसऱ्या टोकाला टपाल लावत बसलेले असले, तरी तिथूनच ओरडत, "अय्यो! त्यानं पाठवायच्या आदी तुला कळलं व्हय?" दुसरा नियम पोच देण्याचा. तार पुरी आली, की घेणाऱ्यानं उलट चावी, म्हणजे यंत्राचा ठोकायचा दांडा, दाबून पोच द्यायची. शंका असेल तर पोच द्यायची नाही, 'पुन्हा पाठव' म्हणायचं. "पोच दिली न्हाई तवर तार त्याचीच," अण्णा म्हणत. "दिली की तुजी झाली. मग तिचं बरं-वाईट तुज्या पदरात."

साताऱ्याला चावीवर जो माणूस बसे, त्याला अण्णांनी बारा वर्षांत कधी पाहिलं नव्हतं. पण त्याचा हात ते ओळखत. ते त्याला 'सातारकर' म्हणत. आज सातारकराला सर्दी आहे, आज घरात भांडून आलाय, असं अण्णा खुशाल सांगत, आणि फावल्या वेळी चावीवरूनच दोघांच्या गप्पा चालत. सातारकराची एक लकब होती. काम संपलं की शेवटी तो एक टिंब अगदी हलकं वाजवी, उठताना कुणी पाठीवर हात ठेवावा तसा. अण्णाही एक टिंब परत देत. आपण होऊन त्यांनी त्याच्याकडं कधी काही मागितलं नाही, नि त्यानंही नाही. मी चिडवायची, "अण्णा, एस. टी.त बसून एकदा भेटून तरी या की." ते म्हणत, "भेटून काय करू? बोलतोय की रोज."

एकाहत्तरच्या दिवाळीनंतर सातारकर वारले. ती बातमीही त्याच लाइनवरून आली, दुसऱ्याच कुणाच्या तरी धसमुसळ्या हातानं. अण्णांनी ती स्वतः उतरवली, पोच दिली आणि फॉर्म घडी करून खिशात ठेवला.

चारच दिवसांनी मी टपालाला शिक्के मारत होते. दुपारचे सव्वाचार झाले असतील. लाइन मोकळी होती. यंत्र एकदाच वाजलं. हलकं, एकच टिंब.

माझा हात तिथंच थांबला. अण्णांनी चावीवर बोट ठेवलं, एक टिंब परत दिलं आणि पुन्हा चहा घेतला. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच, सव्वाचारलाच. मी काही भुताखेतांना मानणारी बाई नव्हे, तेव्हाही नव्हते. मारुती लाइनमन म्हणाला, "ताई, वल धरल्याली आसंल खांबावर, लय वाजतंय आसं." मी तेच मनाला पटवलं. पण सव्वाचार व्हायला आले, की मी पाण्याच्या निमित्तानं अंगणात जाऊन उभी राहायला लागले. हसायचं तर हसा.

मग डिसेंबर आला आणि लढाई सुरू झाली. आमच्या भागात घराआड एक माणूस फौजेत. माझा थोरला भाऊही होता, आमचा दादा. रोज तारा येत आणि 'कळविण्यास दुःख होते' एवढं आलं, की पुढचं काय ते माझे कान आपोआप जाणत. पोस्टमन तो फॉर्म घेऊन निघाला, की रस्त्यावरच्या बायका दारं लावून घेत. रोज घरी गेले की आई विचारायची, "आपलं काय न्हाई न्हवं?" मी म्हणायची, नाही.

त्या दिवशी यंत्रावर मी होते. सव्वाचारला अंगणात जायचं राहून गेलं, आणि तार सुरू झाली. आधी गावाचं नाव आलं. मग माझ्या वडिलांचं.

मी लिहीत गेले. कळविण्यास दुःख होते, आपला मुलगा, दादाचं नाव, त्याचा नंबर, लढाईत कामी आला. शेवटी एक हलकं टिंब. सवय मोठी वाईट. हात पोच द्यायला चावीकडं गेलाच.

अण्णांनी माझं मनगट धरलं. ते कधी उठून आले, मला कळलंच नाही. इतकं घट्ट धरलं की बांगडी पिचली.

"पोच दिऊ नगंस," ते म्हणाले. "ऊठ तितनं."

त्यांनी फॉर्म पाहिला आणि 'कामी आला' या शब्दांवर रबर घासलं. "ही जागा मोकळी व्हती. तू मनानं भरलीस. किती येळा सांगितलं तुला?" असं म्हणत ते चावीवर बसले. पुन्हा पाठव. पुन्हा पाठव. पुन्हा पाठव. यंत्र गप्प. मी भिंतीला टेकून उभी. अण्णांच्या कपाळावरून घाम गळत होता, बाहेर थंडी होती. तासभर त्यांचं बोट थांबलं नाही.

साडेपाचला मारुती आला. म्हणाला, "मास्तर, कुनाला ठोकतायसा? कऱ्हाडच्या अलीकडं उसाच्या ट्रकनं खांब पाडलाय. बाराच्या ठोक्याला तार तुटलीया. साताऱ्याहून कायबी येत न्हाई."

अण्णांनी चावीवरचं बोट उचललं. माझ्याकडं त्यांनी पाहिलं नाही.

ते दोन दिवस मी कसे काढले, माझं मला माहीत. आईला मी म्हणाले, नाही. जेवताना तिनं दादाच्या नावाचा घास बाजूला काढला, तेव्हा उठून मोरीत गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी लाइन जोडली गेली. अण्णांनी मला यंत्राजवळ येऊ दिलं नाही. पहिलीच तार आमच्या घरची होती, त्या नव्या धसमुसळ्या हाताची. शब्दाला शब्द तीच. फक्त रबर घासलेल्या जागी आलं होतं, 'जखमी झाला'. अण्णांनी तत्काळ पोच दिली. मग डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली आणि बराच वेळ बसून राहिले.

दादा पुढं घरी आला. डावा पाय आखूड झालाय, पण ऊस लावतो आणि आईशी भांडतोही. सव्वाचारचं टिंब मात्र पुन्हा कधी आलं नाही. अण्णा रोज त्या वेळेला चावीजवळ बसत, आणि पाच मिनिटांनी उठून नळाची चिंधी तपासून येत.

निवृत्त झाल्यावर ते मुलाकडं सांगलीत विश्रामबागला राहायला गेले. एकदा मी भेटायला गेले, तर अंगणात सुनेनं नळाला चिंधी बांधलेली. तेव्हा धीर करून विचारलं, "अण्णा, खरं सांगा. त्या दिवशी ती जागा मोकळी होती?"

त्यांनी उठून नळाची चिंधी आवळली. मग म्हणाले, "न्हाई गं. तू बराबर घेतलं व्हतंस. मीबी तेच ऐकलं."

मी विचारलं, "मग तासभर काय करत होता?"

"दुसरं काय असतंय आपल्या हातात? पुन्हा पाठव म्हनत व्हतो. म्हटलं, गड्या, बारा वर्सांत तुज्याकडं काय मागितलं न्हाई. एवडी तार परत घे." त्यांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. "घेतली त्यानं. पर मग बोलायचा थांबला."

मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. नुसती रडत राहिले, दुसरं काय करणार होते?

पुढच्याच वर्षी, भर दुपारी, सांगलीच्या लाइनवरून तार आली. अण्णांच्या मुलानं केलेली, पोस्टाच्या नावावर. मी उतरवून घेतली. पोच दिली नाही. म्हटलं, पुन्हा पाठव. सांगलीवाल्यानं पाठवली. तेच शब्द. पुन्हा पाठव. तेच शब्द. तिसऱ्यांदा त्यानं वैतागून, एकेक अक्षर ठोकून पाठवली. एकही शब्द बदलला नाही.

मग मी पोच दिली. आणि शेवटी माझ्या बोटानं आपण होऊन एक हलकं टिंब वाजवलं. मला ते कुणी शिकवलं नव्हतं.

सांगलीवाला क्षणभर थांबला. वीस वर्षं तो त्या लाइनवर होता, अण्णांचा हात ओळखून होता. त्यानं विचारलं, "चावीवर कोण आहे?"

मी माझं नाव ठोकलं. त्यानं पोच दिली नाही. म्हणाला, पुन्हा पाठव.